चांगली चालणारी गाडी कशाला उघडायची? पोर्शेमधल्या एका बेअरिंगची गोष्ट

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय थोडा हटके आहे. एका स्पोर्ट्स कारच्या इंजिनातली एक बेअरिंग, जिच्यामुळे अख्खं इंजिन जाऊ शकतं, ती घरच्या गॅरेजमध्ये कशी बदलली, आणि मुळात बदलायची की नाही हे कसं ठरवलं, त्याबद्दल बोलायचंय. गाडी पोर्शे बॉक्सटर, २००३ ची. गाडी माझी नाही. रावेतमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी बाईक आणि शेजाऱ्यांच्या सायकली उभ्या असतात, तिथे पोर्शे वगैरे काही नाही. गाडी माझ्या मावसभावाची आहे. दादा मिशिगनला असतो. तिकडे वीस वर्षं जुनी बॉक्सटर आपल्याकडच्या नव्या एसयूव्हीपेक्षा स्वस्तात मिळते. म्हणून त्याने घेतली.

मग यात मी कुठे आलो? मी मेंटेनन्सवाला माणूस. चिंचवड-भोसरी पट्ट्यात मशीनच्या स्पिंडलमधून बेअरिंग काढणं आणि बसवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दोन वीकेंड दादा तिकडे गाडीखाली आणि मी इकडे व्हिडिओ कॉलवर, असं ते काम झालं. त्याच्याकडे शनिवारचे सकाळचे नऊ वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. हिशेब सोपा होता.

काम सुरू व्हायच्या आधी मावशीने एक प्रश्न विचारला होता. "अरे, गाडी चांगली चालतेय ना? मग उघडतोस कशाला?" आजचा सगळा भाग या एका प्रश्नाभोवती आहे. कारण प्रश्न चुकीचा नव्हता.

आधी बेअरिंग समजून घेऊ

बेअरिंग सगळ्यांनी पाहिलेली असते. एक आतली रिंग, एक बाहेरची रिंग, मध्ये स्टीलच्या गोळ्या आणि त्या गोळ्यांना एकमेकींपासून लांब ठेवणारी जाळी, म्हणजे केज. फिरणारी वस्तू आणि स्थिर वस्तू यांच्यामध्ये बसून घर्षण कमी करायचं, एवढंच तिचं काम.

आपल्या भागात बेअरिंग ही काही परकी गोष्ट नाही. एसकेएफचा कारखाना चिंचवडमध्येच आहे. कंपनी मूळची स्वीडनची, १९०७ मध्ये गोथेनबर्गला सुरू झालेली. तिचा संस्थापक स्वेन विंगक्विस्ट हा एका कापड गिरणीत मेंटेनन्स बघणारा इंजिनिअर होता. गिरणीतल्या बेअरिंग सारख्या खराब होतात म्हणून वैतागून त्याने स्वतःची नवीन रचना काढली आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. मेंटेनन्सवाल्याच्या वैतागात बरीच ताकद असते, हे मी उगाच म्हणत नाही.

आता बेअरिंगवरचा नंबर कसा वाचायचा ते सांगतो, पुढे उपयोगी पडेल. समजा ६२०४ लिहिलंय. शेवटचे दोन आकडे ०४. त्याला पाचने गुणा, वीस. म्हणजे आतलं भोक वीस मिलिमीटर. ही युक्ती ०४ पासून पुढच्या नेहमीच्या नंबरांना चालते. ६२०४ चा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि जाडी १४. तळहातावर मावते. पाण्याच्या पंपात, छोट्या इलेक्ट्रिक मोटरमध्ये सर्रास असते. भोसरीत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात हा नंबर सांगितला तर दुकानदार मान वर न करता मागच्या फळीवरून डबी काढून देतो.

दादाच्या बॉक्सटरच्या इंजिनात जी बेअरिंग आहे, तिचा साइज हाच. ६२०४.

इंजिनात ती बसते कुठे?

पोर्शेने बॉक्सटर आणली १९९६ मध्ये आणि ९११ चं ९९६ नावाचं मॉडेल आणलं १९९७ मध्ये. तोपर्यंत ९११ चं इंजिन हवेने थंड होणारं होतं. या दोन गाड्यांपासून पाण्याने थंड होणारं नवीन इंजिन आलं. त्याचं नाव एम ९६.

हे इंजिन आडवं असतं. तीन सिलिंडर एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, मध्ये क्रँकशाफ्ट. दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला कॅमशाफ्ट लागतात आणि त्या फिरवायला क्रँकची गती पोचवावी लागते. ती थेट पोचवली जात नाही. क्रँकच्या खाली आणखी एक शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकवरून एक चेन या शाफ्टला फिरवते आणि या शाफ्टवरून दोन चेन निघतात. एक पुढच्या टोकावरून एका बाजूला, दुसरी मागच्या टोकावरून दुसऱ्या बाजूला. म्हणजे सगळं टायमिंग या मधल्या शाफ्टच्या जिवावर.

या शाफ्टचं एक टोक साध्या बुशसारख्या बेअरिंगमध्ये फिरतं, तिथे इंजिनचं तेल प्रेशरने येतं. तिथे काही अडचण नाही. दुसरं टोक, फ्लायव्हीलच्या बाजूचं, ते मात्र एका सीलबंद बॉल बेअरिंगवर आहे. आत ग्रीस भरलेलं, दोन्ही बाजूंना रबरी सील. म्हणजे हिला आयुष्यभर कुणी हात लावायची गरज नाही, अशी ती कल्पना. जुन्या हवेवाल्या ९११ मध्ये या शाफ्टला दोन्हीकडे साध्या, तेलावर चालणाऱ्या बेअरिंग होत्या. नवीन इंजिनात एका टोकाला ही सीलबंद आली.

इथे जरा थांबू, कारण सगळी गोम इथे आहे.

सीलबंद बेअरिंग वाईट नसते. पंपाच्या मोटरमध्ये तीच असते आणि वर्षानुवर्षं चालते. पण मोटरमध्ये ती कोरड्या जागी असते. इथे ती इंजिनच्या तळाशी, गरम तेलात आहे. गरम होते, थंड होते, गरम होते, थंड होते. रबराचं सील वयाने कडक होतं. मग बाहेरचं तेल हळूहळू आत शिरतं आणि आतलं ग्रीस धुऊन नेतं. तुम्ही म्हणाल, तेल आत गेलं तर चांगलंच की, वंगण मिळालं. पण सील असल्यामुळे ते तेल खेळतं राहत नाही. जे आत गेलं ते आतच साचून राहतं. इंजिनच्या तेलात पेट्रोलचा अंश असतो, ओलावा असतो. ते सगळं त्या वीस मिलिमीटरच्या भोकाभोवती अडकून बसतं. ग्रीस गेलं, ताजं तेल येत नाही, आणि गोळ्या तर मिनिटाला हजारो फेऱ्या मारतायत.

म्हणून या गाड्यांबद्दल एक उलटी गोष्ट सांगितली जाते. ज्या गाड्या रोज चालतात, व्यवस्थित गरम होतात आणि ज्यांचं ऑइल वेळेवर बदललं जातं त्या तुलनेने सुरक्षित. आणि ज्या कव्हर घालून जपून ठेवल्यात, महिन्यातून एकदा चौकापर्यंत जाऊन येतात, त्यांना धोका जास्त.

बिघडली तर काय होतं?

आधी गोळ्यांवर आणि रिंगच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. मग केज तुटतो. मग शाफ्टचं ते टोक डगमगायला लागतं. शाफ्ट डगमगली की चेन सैल पडते, टायमिंग सरकतं, आणि या इंजिनात टायमिंग सरकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तोपर्यंत स्टीलचा चुरा तेलातून सगळीकडे फिरलेला असतो. म्हणजे दुरुस्ती नाही, दुसरं इंजिन. आणि दुसऱ्या इंजिनचा खर्च या जुन्या गाडीच्या किमतीइतका किंवा जास्तच.

आधी कळतं का? कधी मागच्या बाजूने तेल गळतं, कधी खडखड येते, कधी फिल्टरमध्ये चकाकी दिसते. आणि कधी काहीच नाही. सकाळी गाडी छान, दुपारी इंजिन गेलेलं.

हे सगळ्याच गाड्यांत होतं असं अजिबात नाही, बहुतेक गाड्यांत होत नाही. सुरुवातीच्या वर्षांत या जागी दोन रांगांची बेअरिंग होती, तिचा भार पेलायचा दम जास्त. २००० च्या सुमाराला एका रांगेची आली, तीच आपली ६२०४ च्या साइजची, आणि तक्रारी मुख्यतः तिच्याबद्दल. अमेरिकेत यावर सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. तडजोड २००१ ते २००५ या काळात बनलेल्या ठराविक बॉक्सटर आणि ९११ गाड्यांपुरती, त्यातही वयाची आणि मैलांची मर्यादा. त्यानंतरच्या इंजिनांत मोठी बेअरिंग आली. ती दणकट, पण इंजिन पूर्ण दोन भागांत खोलल्याशिवाय बाहेर निघत नाही. आणि २००९ च्या मॉडेलपासून जे नवीन इंजिन आलं, त्यात हा मधला शाफ्टच काढून टाकला. ना रहेगा बांस.

त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन होतं, त्यांना ही भानगड नाही. हे सांगतो कारण इंटरनेटवर अर्धवट वाचून लोक म्हणतात, सगळ्या पोर्शे अशाच. तसं नाहीये.

मग दादाने कसं ठरवलं?

मावशीचा प्रश्न परत घेऊ. गाडी चालतेय, आवाज नाही, गळती नाही. उघडायची का?

यात तीन गोष्टी बघितल्या. एक, गाडी २००३ ची, म्हणजे एका रांगेची बेअरिंग. दोन, गाडी आधीच्या मालकाकडे बरीच वर्षं नुसती उभी होती. आणि तीन, ही सगळ्यात महत्त्वाची, क्लच संपत आला होता. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली काढावाच लागतो. आणि या बेअरिंगपर्यंत पोचायचा रस्ता तोच आहे. गिअरबॉक्स काढा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, समोर तीन बोल्टचं एक छोटं झाकण, त्याच्यामागे ती बेअरिंग. म्हणजे नव्वद टक्के मेहनत क्लचसाठी करायचीच होती.

कारखान्यात आम्ही हेच करतो. मशीन एका कारणासाठी उघडली की शेजारच्या, ज्यांच्यापर्यंत एरवी हात पोचत नाही, त्या गोष्टी बदलून घेतो. पार्टची किंमत तिथे पोचायच्या किमतीपुढे काहीच नसते.

नवीन बेअरिंग म्हणून दुकानातली साधी ६२०४ घातली का? नाही. साइज तीच असली तरी काम तेच नाही. २००८ पासून अमेरिकेतल्या एल. एन. इंजिनिअरिंग या कंपनीने या जागेसाठी खास बदली बेअरिंग आणली. रिंग स्टीलच्या, गोळ्या सिरॅमिकच्या, म्हणजे सिलिकॉन नायट्राइडच्या. त्या स्टीलच्या साधारण ४० टक्के वजनाच्या आणि जास्त कठीण. आणि मुख्य म्हणजे आतल्या बाजूचं तेल तिच्यापर्यंत पोचतं. हीसुद्धा जन्मभराची नाही, ठराविक मैलांनंतर बदलायची, असं बनवणारेच सांगतात. मला हे आवडलं. जो पार्ट बनवणारा तुम्हाला बदलायची वेळ सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पहिला वीकेंड: उघडायच्या आधी थांबायची जागा

शनिवारी गाडी चार जॅक स्टँडवर घेतली. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण आपल्याकडे हे सर्रास बघतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चाकाखाली विटा लावून तर नाहीच नाही. जॅक उचलायला, स्टँड पेलायला. दादा आडवा होण्याआधी मी त्याला चारही स्टँड कॅमेऱ्यात दाखवायला लावले आणि गाडी हाताने हलवून दाखवायला लावली. तो वैतागला. वैतागू दे.

मग बॅटरी काढली, तेल सोडलं, आणि ऑइल फिल्टर कापला. कागदाच्या घड्या पांढऱ्या ताटात पसरल्या. तेलाचं चेंबर काढून तळ बघितला. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात आणि खरं तर सगळं काम या पायरीवर अवलंबून आहे. फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला तर काम तिथेच थांबवायचं. कारण चुरा इंजिनभर पसरलेला असेल तर नवीन बेअरिंग घालून उपयोग शून्य. तोच चुरा नवीन बेअरिंगही खाणार. मग प्रश्न बेअरिंगचा राहत नाही, पूर्ण इंजिन खोलायचा होतो, आणि ते घरच्या गॅरेजचं काम नाही.

चुंबक फिरवला. काही चिकटलं नाही. पण नुसत्या चुंबकावर समाधान मानू नका. ॲल्युमिनियमची चकाकी चुंबकाला चिकटत नाही, ती उजेडात डोळ्यांनीच बघावी लागते. दादाला तपकिरी प्लास्टिकचे दोन-तीन बारीक तुकडे सापडले आणि त्याचा चेहरा पडला. ते चेनच्या गाइडचे होते. चेन ज्या पट्टीवरून घसरते तिचे कण. इतक्या मैलांच्या इंजिनात थोडे निघतातच. धातू नाही, म्हणजे पुढे जायला परवानगी.

रविवारी गिअरबॉक्स खाली आला, मित्राने जोडीला येऊन गिअरबॉक्स जॅकवर उतरवला. मग क्लच, मग फ्लायव्हील. रात्री दादा म्हणाला, "आता झाकण पण काढून टाकतो, उरकून जाईल." त्याच्याकडे अकरा वाजले होते. मी म्हटलं, नको. पुढची पायरी ताज्या डोक्याने. तो मानला. आठवडाभर गाडी तशीच राहिली.

दुसरा वीकेंड: लॉक केल्याशिवाय हात लावायचा नाही

आता नीट ऐका. झाकण काढलं की तो शाफ्ट मोकळा होतो. शाफ्ट मोकळा झाला आणि चेन एक दात जरी सरकली, तर इंजिन चालू करताना व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. म्हणजे ज्या नुकसानीला घाबरून बेअरिंग बदलतोय तेच नुकसान आपण स्वतःच्या हाताने करू शकतो. म्हणून बेअरिंग बदलणं हे यातलं सोपं काम आहे. अवघड आणि महत्त्वाचं काम आहे बाकी सगळं जागच्या जागी ठेवणं.

क्रम असा. आधी क्रँक ठराविक जागी आणायची, म्हणजे पहिला पिस्टन सगळ्यात वर. बॉक्सटरचं इंजिन सीटच्या मागे असतं, पुली केबिनच्या बाजूला. सीटच्या मागचं पॅनल काढून तिथपर्यंत पोचता येतं. पुलीला भोक आहे, त्यातून पिन घालून क्रँक लॉक करायची. मग कॅमशाफ्टच्या टोकांची झाकणं काढून कॅम बरोबर जागी आहेत का बघायचं आणि खास टूलने त्या पकडून ठेवायच्या. खुणा करायच्या. फोटो काढायचे. हे सगळं झाल्यावरच चेन ताणून धरणारे तीन टेन्शनर सैल करायचे. आणि मग तीन बोल्ट.

प्रत्येक पायरीला दादा मला फोटो पाठवत होता आणि मी "ओके" लिहिल्याशिवाय पुढे जात नव्हता. मला गाडीतलं त्याच्यापेक्षा जास्त कळतं म्हणून नव्हे. दुसऱ्या माणसाला दाखवायचं म्हटलं की आपण स्वतः नीट बघतो, म्हणून.

झाकण निघालं आणि तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, शाफ्ट मधोमध नाहीये. सरकलीय." जेमतेम एक-दीड मिलिमीटर. घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्या टोकाला आधार देणारं झाकण काढलं, आता चेनच तिला एका बाजूला ओढतायत. पण परत बसवताना हे लक्षात ठेवायचं. शाफ्ट हाताने मधोमध आणायची आणि मग झाकण बसवायचं. बोल्ट आवळून तिला ओढून आणायचं नाही. तसं केलं तर नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून तिरकी.

जुनी बेअरिंग पुलरने काढली. सरळ ओढायची, ठोकायचं नाही.

नवीन बसवताना सगळ्यात मोठा नियम, आणि हा तुमच्या बाईकच्या चाकाच्या बेअरिंगलाही लागू आहे. जी रिंग घट्ट बसणार आहे, जोर त्याच रिंगवर द्यायचा. इथे बाहेरची रिंग शाफ्टच्या आत घट्ट बसते, म्हणून बसवायचं टूल बाहेरच्या रिंगवरच टेकलं पाहिजे. आतल्या रिंगवर ठोकलं तर तो दणका गोळ्यांमधून जातो आणि रिंगवर न दिसणारे खड्डे पडतात. बेअरिंग नवी कोरी दिसते, पण तिचं आयुष्य तिथेच संपलेलं असतं. दादाने बेअरिंग रात्रभर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवली होती. थंडीने धातू किंचित आकसतो आणि सहज बसतो. वहिनीला फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी पोर्शेची बेअरिंग सापडली, त्यावर घरात काय संवाद झाला तो रेकॉर्डिंगमध्ये नाही.

मग झाकण, नवीन बोल्ट, टॉर्क पान्याने दिलेल्या मापातच आवळलेले. छोटे बोल्ट आहेत, हाताच्या अंदाजाने आवळले तर तुटतात. टेन्शनर परत. लॉक काढले. आणि आता स्टार्टर नाही! क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायची. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे कॅमची एक. दोन फेऱ्यांनंतर पुलीची पिन परत भोकात बसली पाहिजे आणि कॅमच्या खुणा जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

पिन बसली. खुणा जुळल्या.

मग नवीन क्लच, गिअरबॉक्स, तेल, फिल्टर. सोमवारी पहाटे आपल्याकडे पाच वाजता त्याने इंजिन चालू केलं. मी इयरफोन घालून बसलो होतो. पहिले काही सेकंद चेनची खडखड, टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंत, आणि मग एकसारखा आवाज. थोड्या मैलांनंतर त्याने तेल परत बदललं आणि तो फिल्टरही कापून बघितला. स्वच्छ.

आणि जुनी बेअरिंग?

आता गंमत ऐका. जुनी बेअरिंग दादाने कापून उघडली. सील थोडं कडक झालेलं. आत ग्रीस जवळपास नव्हतं, पातळ काळं तेल होतं. पण गोळ्या चकचकीत. रिंगवर खड्डे नाहीत. हातात फिरवली तर गुळगुळीत फिरत होती.

म्हणजे ती बेअरिंग चांगली निघाली.

मावशी म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? पैसे फुकट गेले." किटचा आणि टूलचा खर्च हजार डॉलरच्या आतबाहेर झाला असेल. फुकट गेले का?

मला याचं सरळ उत्तर देता येत नाही, आणि तुम्हालाही कुणी सरळ उत्तर देत असेल तर जरा सावध राहा. ती बेअरिंग अजून दहा वर्षं चालली असती, हे शक्य आहे. पुढच्या हिवाळ्यात गेली असती, हेही शक्य आहे. ग्रीस गेलेलं होतं, एवढंच आपल्याला पक्कं माहीत आहे. वेळेआधी केलेल्या देखभालीचा हाच त्रास आहे. ती यशस्वी झाली तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही म्हणून लोक विचारतात, गरज काय होती?

आपल्या रावेतचंच बघा. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीने आपल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, इथून पंपाने उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राला जातं आणि तिथून शहराला. कधीतरी महापालिकेची सूचना येते, देखभालीसाठी पाणीपुरवठा बंद. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच, कर भरतो तरी पाणी नाही, वगैरे. मीही एक बादली कमी मिळाली की चिडतो. पण त्या पंपांमध्येही बेअरिंग आहेत. त्या ठरवून बंद ठेवून बघायच्या, की मे महिन्यात आपोआप बंद पडल्यावर बघायच्या, एवढेच दोन पर्याय असतात. 'कधीच बंद नाही' हा तिसरा पर्याय कुठल्याही फिरणाऱ्या यंत्राला नसतो.

म्हणून माझं मत विचाराल तर, पैसे फुकट गेले नाहीत. पण क्लच चांगला असता, गाडी रोज चालणारी असती, दोन रांगांची बेअरिंग असती, तर मी दादाला म्हटलं असतं, मावशीचं ऐक, उघडू नकोस. फक्त तेल वेळेवर बदल आणि दरवेळी फिल्टर कापून बघ. एकच काम, एका गाडीसाठी शहाणपणाचं आणि दुसऱ्या गाडीसाठी उगाचची खाजवाखाजवी.

आपल्या गाड्यांसाठी यातून काय घ्यायचं?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे चाकणला बनलेली केटीएम असेल, पल्सर असेल, नाहीतर चाकणचीच पोलो. त्यांना ही बेअरिंग नाही. पण काही सवयी तशाच लागू.

बाईक मेन स्टँडवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. डगमगलं किंवा फिरवताना घरघर आली तर चाकाची बेअरिंग बघायची वेळ झाली. ती घरी बदलता येते. हब जरा गरम करायचा आणि बाहेरच्या रिंगवर सगळीकडून समान जोर द्यायचा. पण इंजिनच्या आतून, खालच्या बाजूने ठक-ठक येत असेल तर ती क्रँकची भानगड असू शकते. तिथे इंजिन उघडून दोन भाग करावे लागतात, प्रेस लागतो. ते पार्किंगमध्ये करू नका. आणि आवाज येत असताना "अजून दोन दिवस चालवतो" असंही करू नका.

बेअरिंग घेताना नुसता भाव बघू नका. नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहेत, डबीसुद्धा हुबेहूब. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यातून बेअरिंगचे फोटो पाठवून खरी की खोटी विचारता येतं. फोन खिशात आहेच, तर वापरा.

आणि शेवटचं. ऑइल बदलताना गॅरेजवाल्याकडून जुना फिल्टर मागून घ्या. तो विचित्र बघेल, बघू दे. कापा, उजेडात धरा. इंजिनच्या आत काय चाललंय हे न उघडता सांगणारी याच्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

तुमच्या फिल्टरमध्ये काही सापडलं तर फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि "चालतंय ना, मग कशाला उघडायचं" यावर तुमच्या घरी कोण जिंकतं, तेही कळवा. मावशी हा भाग ऐकणार आहे, म्हणून इथेच थांबतो.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.